मुलीने कोणत्या मासिकात काम करावे?



या वेळच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते, सासूबाईंचे गुडघे, नळाची गळती अशी नेहमीची पत्रे होतीच. त्यांना पुढच्या अंकी उत्तरे देते. आज सगळी जागा एकाच पत्राला द्यायची आहे. पत्र पुण्याच्या एका भगिनीचे आहे. नाव न छापण्याची विनंती त्यांनी दोनदा केली आहे आणि दुसऱ्यांदा खाली रेघ ओढून.

त्या लिहितात की मुलगी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करते. सुट्टीत कुठेतरी दोन महिने प्रत्यक्ष काम करायचे असते. मैत्रिणी दैनिकांत चालल्या आहेत, आणि हिने मात्र समलिंगी लोकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात अर्ज करायचे ठरवले आहे. तिथे लेखाखाली नाव छापतात. “पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्थळे बघायची आहेत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिला नको म्हणू का?”

बाई, तुमची काळजी मला खोटी वाटत नाही. ‘लोक काय म्हणतील’ याला हसणे सोपे असते, पण त्या लोकांतच आपल्याला राहायचे असते. तरी नको म्हणण्याआधी, ती जिथे जाऊ पाहते आहे ते घर कसले आहे, ते तरी बघू या. स्थळाची चौकशी करतो ना आपण, तशीच.

पहिली शंका कायद्याची. दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने ठेवलेले असे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून काढले. त्याआधीही ३७७ कलम होते ते कृतीबद्दल, लिहिण्याबद्दल नव्हते. लिहिणाऱ्याला भीती असे ती अश्लीलतेच्या कलमाची. ती कुणी सोसली ते पुणेकर बायकांना तरी ठाऊक हवे. आपल्या हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी मुंबईहून १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, पत्नी मालतीबाईंच्या साथीने आणि पदरमोड करून. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. समलिंगी संबंधांबद्दलचा प्रश्नही त्यात होता. रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला, आणि मासिक पुढे चालूच राहिले. म्हणजे या विषयावर मराठीत छापणे ही काही कालपरवाची फॅशन नव्हे.

दुसरी शंका ‘तिथे कसली माणसे असतील’ ही. आपल्या देशातले या तऱ्हेचे सर्वांत गाजलेले मासिक म्हणजे ‘बॉम्बे दोस्त’. ते १९९० साली अशोक राव कवी यांनी काढले. हे गृहस्थ हौशी नव्हेत, इंग्रजी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे बातमीदारी केलेले. त्याआधी १९८६ साली त्यांनी आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगितले, ते कुठे माहीत आहे? ‘सॅव्ही’ या बायकांच्या मासिकात! त्याच अंकात त्यांच्या आईचीही मुलाखत होती. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. न्यायालये आणि मोठमोठी दैनिके गप्प असताना ही गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली ती पाककृती आणि भरतकामाच्या शेजारी, आणि मुलाच्या बाजूला त्याची आई होती.

‘बॉम्बे दोस्त’मधून पुढे १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. मासिक २००२ साली बंद पडले आणि २००९ साली पुन्हा निघाले. अशा नियतकालिकांचे हे असेच चालते. पैसा कमी, माणसे थोडी. तेव्हा मुलीला तिथे गलेलठ्ठ विद्यावेतन मिळेल अशी आशा धरू नका. जायच्या-यायच्या भाड्याचे काय, एवढे मात्र तिने आधीच विचारून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि पुण्यात बसून तिला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बिंदुमाधव खिरे हे इंजिनियर अमेरिकेत असताना तिथल्या ‘त्रिकोण’ या भारतीय उपखंडातल्या समलिंगी लोकांच्या संस्थेच्या संपर्कात आले. या संस्थेचेही स्वतःचे मासिक होते. परत येऊन त्यांनी २००२ साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ अशी पुस्तके मराठीत लिहिली. समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांची मनोगते त्यांनी ‘मनाचिये गुंती’ या नावाने एकत्र केली. ही पुस्तके मुलीने अर्ज करण्यापूर्वी वाचावीत, आणि तिची झाली की तुम्हीही. दुपारी वाचा, कव्हर घालायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. छोट्या मासिकात जे शिकायला मिळते ते मोठ्या दैनिकात मिळत नाही. मोठ्या ठिकाणी नवख्या मुलीला पत्रकार परिषदेची चिटोरी संक्षिप्त करायला बसवतात. छोट्या ठिकाणी तीच मुलगी मुद्रिते तपासते, टपाल फोडते, लेख लावते, अंक पाठवायची पाकिटे चिकटवते आणि उद्या अग्रलेखाचा मसुदाही तिच्याच गळ्यात पडतो. शिवाय मराठी नीट येणारी माणसे त्यांना हवीच असतात. या विषयावरचे बरेचसे लेखन इंग्रजीत. मराठी करताना खरी कसोटी लागते, कारण जुन्या मराठीत यासाठी होते ते शब्द ‘विकृती’, ‘अनैसर्गिक’, नाहीतर सरळ शिवी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली हा आजार नव्हे म्हणून आपल्या यादीतून काढला, पण आपल्या बोलण्यातून तो शब्द अजून गेला नाही. ‘समलिंगी’, ‘लैंगिक कल’ असे साधे शब्द रुळवायला अशीच कुणीतरी मुलगी लागते, जिला आजीची भाषाही येते आणि इंग्रजीही.

सर्वांत मोठे शिक्षण मात्र गुप्ततेचे. इथे एक नाव चुकून छापले तर एखाद्याची नोकरी जाते, एखादीला घराबाहेर काढतात. म्हणून मजकूर छापण्याआधी ज्याची हकीगत त्याला पुन्हा विचारायचे, गाव बदलायचे, धंदा बदलायचा, मिरवणुकीतला फोटो चेहऱ्याच्या मालकाला विचारल्याशिवाय वापरायचा नाही. पुण्यात ११ डिसेंबर २०११ रोजी अशी पहिली अभिमानयात्रा निघाली. तेव्हा काहीजण मुखवटे लावून चालतात ते कशासाठी, हे बातमी लिहिणाऱ्याला कळले पाहिजे. एवढी सावधगिरी अंगी बाणलेली मुलगी पुढे कुठल्याही वृत्तपत्रात उजवीच ठरेल.

राहता राहिला नावाचा प्रश्न. टोपणनाव घ्यायला हरकत नाही. अशा मासिकांत ती रीतच आहे. पण ते तिने ठरवायचे, तुम्ही नव्हे. आणि स्थळांचे म्हणाल तर मला असे वाटते, की लेखाखालचे नाव बघून जे घर मागे सरेल ते लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. हे तुम्हाला पटणार नाही कदाचित. नाही पटले तरी एक कृपा करा: “तू पण तसलीच आहेस का?” असे तिला दारात उभे करून विचारू नका. कॅन्सरच्या रुग्णालयात काम करणाऱ्या मुलीला आपण असे विचारतो का? आणि समजा तसे काही असले, तर ते ती आपण होऊन सांगेल असे घर ठेवा.

खरे तर या पत्राला मी एवढी जागा दिली ती शेवटच्या चार ओळींसाठी. त्या बारीक अक्षरात, जागा संपत आल्यावर लिहिल्या आहेत. “माझे धाकटे दीर पन्नाशीचे आहेत. लग्न केलं नाही. त्यांचे एक मित्र वीस वर्षं दर रविवारी जेवायला यायचे. गेल्या वर्षी ते वारले. दीर तेराव्याला गेले नाहीत, खोलीत बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला. बोलले काही नाही. मला लिहायची आवड आहे, पण हे कुठे लिहिणार?”

बाई, हे त्या मासिकात लिहिता येते. मुलांच्या हकीगती त्यांच्याकडे येतात. वहिनीची क्वचितच येते. वीस वर्षे रविवारी पाट मांडणारी, वाढणारी आणि काही न विचारणारी वहिनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहे. तिने काय पाहिले ते कुणी छापलेले माझ्या वाचनात नाही. साधेच लिहा. त्या मित्राला आमटीत गूळ चालत नसे की चालत असे, इथून सुरुवात केलीत तरी चालेल.

पण ही हकीगत तुमची जेवढी, त्याहून जास्त दिरांची. टोपणनावाने लिहिलेत तरी ते वाचून ओळखतील. तेव्हा लिहून झाल्यावर कागद आधी त्यांच्या हाती द्या. तोंडाने विचारणे अवघड जाते, कागद देणे त्यामानाने सोपे. ते नको म्हणाले तर पाठवू नका, जपून ठेवा. हो म्हणाले तर पानाच्या एकाच बाजूला, सुवाच्य लिहा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि नाव छापायचे की नाही ते वरच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहा.

मुलीच्या वडिलांना मात्र याच आठवड्यात सांगा. परीक्षा झाल्यावर सांगू म्हणाल तर अर्जाची तारीख निघून जाईल. जेवण झाल्यावर सांगा, आणि मुलगी समोर असताना सांगा.