पोस्टरवर जागा दिली, कथेत दिली नाही : फिनचे काय झाले?

२५ डिसेंबर २०१५. मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आटोपून, सतरंज्या उचलून, माईकवाल्याचे पैसे देऊन आम्ही चार-पाच मित्र रात्रीच्या खेळाला गेलो. 'स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स' अमेरिकेत आठवडाभर आधीच लागला होता. आपल्याकडे आधीचा शुक्रवार 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी'ने घेतला होता, म्हणून हा त्या दिवशी आला.

सिनेमाच्या शेवटाकडे नायकमंडळी शत्रूच्या तळावर पोहोचतात. म्हातारा हॅन सोलो फिनला विचारतो, तू इथे होतास तेव्हा तुझे काम काय होते? फिन उत्तर देतो, साफसफाई. सगळे थिएटर खदखदून हसले. आमच्यातला एकजणही हसला आणि मध्येच थांबला. त्याचे वडील महापालिकेत सफाई कामगार होते.

त्या एका हशावर आम्ही नंतर बरीच वर्षे बोलत राहिलो. दूरच्या आकाशगंगेतली, कल्पनेतली गोष्ट. तिथे लेखक काहीही रचू शकतो. तरीही मुख्य पात्रांपैकी एकमेव कृष्णवर्णीय तरुणाच्या हातात त्याने फरशी पुसायचे फडके दिले आणि त्यावर विनोद केला. हा योगायोग असेल. पण पुढच्या चार वर्षांत या पात्राचे जे झाले ते पाहता, योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज लुकासचा पहिला 'स्टार वॉर्स' १९७७ साली आला. २०१२ साली डिस्नेने लुकासची कंपनी ४०५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि मालिका नव्याने सुरू करण्याची घोषणा केली. तीन वर्षे जगभरचे चाहते वाट पाहत होते. २८ नोव्हेंबर २०१४ रोजी दीड मिनिटाची पहिली झलक आली. वाळवंट, शांतता, आणि अचानक घामाने डबडबलेला एक चेहरा वर येतो. अंगावर शत्रुसैनिकाचे, म्हणजे स्टॉर्मट्रूपरचे पांढरे चिलखत. चेहरा जॉन बोयेगाचा. लंडनच्या पेकहॅम भागात वाढलेला, नायजेरियन स्थलांतरित आईवडिलांचा बावीस वर्षांचा मुलगा.

ज्या चाहत्यांनी तीन वर्षे वाट पाहिली, त्यातल्या काहींना हा पहिलाच चेहरा खुपला. स्टॉर्मट्रूपर कृष्णवर्णीय कसा, असा आक्षेप घेतला गेला. उघड द्वेष करणारे थोडे होते. बाकीच्यांनी आक्षेपाला शास्त्राधार दिला. मालिकेच्या शास्त्रानुसार हे सैनिक एकाच माणसाचे क्लोन आहेत, मग हा वेगळ्या रंगाचा कसा?

शास्त्राधार पुढे आला की तो तपासायचा, ही आपली जुनी सवय. म्हणून तपासू. ज्या माणसाचे ते क्लोन, त्या जँगो फेटची भूमिका २००२ साली टेमुएरा मॉरिसनने केली आहे, आणि मॉरिसन न्यूझीलंडचा माओरी अभिनेता आहे. म्हणजे मूळ साचाच गोरा नव्हता. शिवाय फिनची पिढी क्लोनची नाहीच. ती लहानपणी घरातून पळवून आणलेल्या मुलांची आहे, आणि ते सिनेमातच सांगितले आहे. मग शास्त्रात नसलेला नियम या मंडळींनी आणला कुठून? तो त्यांच्या मनात होता. शास्त्राचे नाव फक्त पुढे केले.

मनात का होता, तेही पाहू. १९७७ च्या पहिल्या सिनेमात एकही ठळक कृष्णवर्णीय चेहरा नव्हता. आवाज मात्र होता. डार्थ व्हेडरचा, साऱ्या जगाला पाठ असलेला तो खर्जातला आवाज जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याचा. काळ्या पोशाखाच्या आतले शरीर डेव्हिड प्राऊझ या गोऱ्या माणसाचे. १९८३ साली व्हेडरचा मुखवटा उतरतो तेव्हा आतून निघतो तो वेगळ्याच गोऱ्या नटाचा चेहरा. सुरुवातीला श्रेयनामावलीत आपले नाव नको, असे जोन्स यांनी स्वतःच म्हटले होते, तेव्हा त्यात कुणाचा कट शोधायचे कारण नाही. पण चाहत्यांच्या पिढ्यांनी हे पाहिले की आवाज कुणाचाही असला तरी मुखवट्याआड चेहरा गोराच असतो. १९८० साली बिली डी विल्यम्स आला, १९९९ साली सॅम्युएल जॅक्सन जेडाय झाला. दोघेही दमदार, पण बाजूला. गोष्ट त्यांची नव्हती. बोयेगाचा चेहरा मुखवट्याखालून निघाला आणि गोष्ट त्याच्यापासून सुरू होणार असे दिसले, तेव्हा पोटात दुखले ते यामुळे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटचा ट्रेलर आला. तिकीट विकणारी संकेतस्थळे बंद पडली. त्याच वेळी बहिष्काराचा हॅशटॅगही फिरला. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तो मूठभरांनी सुरू केला आणि तो वापरणारे बहुतेक जण त्याचा निषेधच करत होते. बहिष्कार सपशेल फसला. सिनेमाने जगभरात २०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तेव्हा आम्ही म्हणालो, संपले, द्वेष हरला.

आम्ही चुकलो. द्वेष तिकीटबारीवर हरला होता, पटकथेत नव्हता.

फिनची गोष्ट आठवा. त्याला नाव नाही, क्रमांक आहे, एफएन-२१८७. आईबाप माहीत नाहीत. माणसे मारायचा हुकूम येतो तेव्हा तो बंदूक चालवत नाही आणि पळून जातो. 'फिन' हे नावही त्याला दुसऱ्याने, त्याच्या क्रमांकावरून दिलेले. गुलामाने गुलामी नाकारण्याची याहून सरळ सुरुवात या मालिकेत दुसरी नाही. जाहिरातीत तर त्याच्या हातात जेडायची प्रकाशाची तलवार होती. पोस्टरवरही होती. कृष्णवर्णीय मुले ते पोस्टर पाहून वाट बघत होती, आणि त्यांची वाट बघणे डिस्नेने विकले. सिनेमात मात्र तलवार अखेर रे या गोऱ्या नायिकेची, आणि फिन शेवटी पाठीवर वार झेलून बेशुद्ध. नायिका पुढे आली याचे आम्हाला दुःख नाही, आनंदच आहे. पण एकाला जागा द्यायला दुसऱ्याला झोपवावे लागते का? चीनमधल्या पोस्टरवर तर बोयेगाचा आकारही लहान झाला होता.

२०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये पुन्हा साफसफाई येते, पण वेगळ्या अर्थाने. शत्रूच्या जहाजातली एक महत्त्वाची खोली कुठे आहे हे कुणाला माहीत असणार, असा प्रश्न पडतो. फिन सांगतो, ती खोली जो पुसायचा त्याला. इथे मात्र आम्ही टाळी वाजवली. वाड्याचा नकाशा मालकापेक्षा झाडणाऱ्याला जास्त पाठ असतो, हे आपल्या बायाबापड्यांना कुणी शिकवावे लागत नाही. याच सिनेमात रोज आली. पाइप आणि यंत्रे सांभाळणारी साधी तंत्रज्ञ. ती भूमिका करणारी केली मेरी ट्रॅन व्हिएतनामी कुटुंबातली. समाजमाध्यमांवर तिच्या वंशावरून, शरीरावरून इतके गलिच्छ लिहिले गेले की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचे सगळे काढून टाकले. दोन महिन्यांनी तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितले की या शिव्यांपेक्षा वाईट हे होते की आपण त्या खऱ्या मानू लागलो होतो.

आता २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' पाहा. एकूण १४२ मिनिटे. त्यात रोज दिसते सुमारे सव्वा मिनिट. लेखकांपैकी एकाने कारण सांगितले की तिचे काही प्रसंग दिवंगत कॅरी फिशर यांच्या जुन्या चित्रणावर बेतले होते आणि ते नीट जमले नाहीत. असेल. पण मग तिच्यासाठी दुसरे प्रसंग कुणाला सुचले नाहीत? आणि फिन? त्याला त्याच्यासारखीच पळून आलेल्या सैनिकांची एक तुकडी भेटते. क्रमांकाची मुले एकमेकांना ओळखतात, एवढा मोठा क्षण, आणि कॅमेरा काही मिनिटांत पुढे निघून जातो. आधी नेमलेल्या आणि नंतर बाजूला झालेल्या दिग्दर्शकाची पटकथा पुढे बाहेर आली. तिच्यात फिन या सैनिकांचे बंड उभारतो, असे होते. म्हणजे ती गोष्ट कुणाला तरी सुचली होती, कागदावर उतरलीही होती. पडद्यावर आली नाही.

जून २०२० मध्ये लंडनच्या हाइड पार्कात, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या मोर्चात बोयेगा भोंगा हातात घेऊन बोलला. यानंतर आपल्याला काम मिळेल की नाही ठाऊक नाही, असे म्हणत बोलला. सप्टेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याने डिस्नेला सरळ सुनावले : कृष्णवर्णीय पात्र महत्त्वाचे म्हणून विकायचे आणि मग बाजूला सारायचे, हे बरे नाही. आम्हाला या माणसाचे कौतुक आहे. कंपनीचा पाहुणचार घेऊन गप्प बसणे सोपे होते.

'सिनेमाच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे', असे आमचे काही कार्यकर्ते मित्रही म्हणतात. त्यांनी 'स्टार ट्रेक' आठवावा. १९६६ सालच्या त्या मालिकेत निशेल निकोल्स उहुरा झाली होती. मोलकरीण नाही, अवकाशयानाची अधिकारी. पहिल्या वर्षानंतर ती काम सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून आपल्याला थांबवले, असे तिने अनेकदा सांगितले. पुढे तिने नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांची भरती व्हावी म्हणून काम केले. १९९२ साली अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने उहुरापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे. २००९ साली 'स्टार ट्रेक' नव्याने आला तेव्हा उहुराची भूमिका मोठी झाली आणि इतक्या वर्षांनी पडद्यावर तिचे पहिले नाव, न्योटा, उच्चारले गेले. त्याचे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स. 'द फोर्स अवेकन्स'चेही तेच. म्हणजे जुनी गोष्ट पुन्हा सांगताना जुनी चूक दुरुस्त करता येते. करायची की नाही हा निर्णय असतो.

दुसरा आक्षेप : टीका करणारा प्रत्येक चाहता वंशद्वेषी आहे का? मुळीच नाही. 'द लास्ट जेडाय'ची कथा अनेकांना पटली नाही, त्यांनी कारणे दिली, तो त्यांचा हक्क. आम्हालाही त्यातला जुगारी शहराचा भाग लांबलेला वाटला. फरक ओळखायचा कसा? टीका पटकथेवर आहे की नटीच्या नाकाडोळ्यांवर, एवढे पाहावे. आणि लक्षात ठेवावे की मोठ्या कंपनीला बहुसंख्य आनंदी प्रेक्षक ऐकू येत नाहीत, ओरडणारे ऐकू येतात. २०१८ साली ट्रॅन जवळजवळ एकटी पडली. २०२२ साली मोझेस इंग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीवर तसाच हल्ला झाला तेव्हा मालिकेचे अधिकृत खाते उघडपणे तिच्या बाजूने उभे राहिले. मधल्या काळात बोयेगा आणि ट्रॅन बोलले होते. त्यांचे बोलणे वाया गेले नाही, असे आम्ही मानतो.

म्हणून तरुण मित्रांना सांगणे एवढेच. सिनेमा पाहा, वाट पाहा, वेडे व्हा. फक्त पोस्टरवर आपल्यासारखा चेहरा दिसला की लगेच समाधान मानू नका. उपस्थिती म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. तीन गोष्टी तपासा. या पात्राचा निर्णय कथेची दिशा बदलतो का? त्याला त्याची माणसे आहेत का, की तो एकटाच शोभेला आहे? आणि पटकथा लिहिणाऱ्यांच्या खोलीत त्याच्यासारखे कुणी बसले आहे का? या तिन्ही प्रश्नांवर फिन नापास झाला. दोष त्याचा नव्हता.

२०२३ साली रेच्या पुढच्या गोष्टीची घोषणा झाली आणि दिग्दर्शक म्हणून पाकिस्तानच्या शर्मीन ओबैद-चिनॉय यांचे नाव जाहीर झाले. ते ऐकूनच पुन्हा काहींच्या पोटात दुखले. आमचा तो मित्र, जो हसता हसता थांबला होता, त्याने एवढेच विचारले : त्यात फिन आहे का? आणि असला, तर या वेळी काय काम करतोय?