विशेष शिक्षक कोठे आहेत?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसाधारण शाळेचे दार अपंग मुलांना उघडून दिले. परंतु आत शिकवावयास कोण आहे, असे आम्ही सरकारास विचारतो. दृष्टिहीन मुलास ब्रेल, कर्णबधिर मुलास खुणांची भाषा आणि मंदगतीने शिकणाऱ्यास एकच धडा लहान लहान पायऱ्यांनी, ही निरनिराळी शास्त्रे आहेत. भरगच्च वर्गात गुंतलेल्या शिक्षकाने ती सवडीने शिकून घ्यावीत, असे म्हणणे ही त्याची व मुलाची सारखीच थट्टा होय.

प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढील वर्गांत पंधरांमागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घालून दिले. नेमणुका होईपर्यंत एका शिक्षकाने अनेक शाळांत फिरावे, ही सवलत केवळ तात्पुरती होती. मार्च २०२५ मध्ये पदे निश्चित करण्याची आज्ञा न्यायालयास राज्यांना पुन्हा द्यावी लागली! सवलत हीच रूढी झाली, ती अशी.

फिरता शिक्षक मुलास भेटतो. वर्गशिक्षकाशेजारी बसून उद्याचा धडा त्या मुलासाठी कसा मांडावा हे ठरविण्यास त्याला उसंत नसते. वस्तुतः त्याचे खरे काम तेच. त्यातून वर्षानुवर्षे कंत्राटावर राबविलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा करणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी कोणत्या शाळेत अशी किती मुले आहेत व किती पदे भरली, याची यादी शिक्षणखात्याने प्रसिद्ध करावी.