जनुकांच्या आड दडणारी जबाबदारी

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांवर वापर सुरू झाला आणि असंख्य रुग्णांना मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर येण्याची वाट मोकळी झाली. पण काही वर्षांतच या औषधांची दुसरी बाजू पुढे आली. दीर्घकाळ ती घेणाऱ्या काही रुग्णांची जीभ, ओठ व जबडा आपोआप हलत राहतात. औषध थांबविल्यावरही हे अनेकदा थांबत नाही. १९६४ साली या विकाराला टार्डिव्ह डिस्किनेशिया हे नाव मिळाले.

तो एकाला होतो, दुसऱ्याला होत नाही, असे का? यकृतातील ‘सीवायपी२डी६’ हे एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच निष्क्रिय असते. त्यांच्या रक्तात हॅलोपेरिडॉलसारखी औषधे अधिक प्रमाणात साचू शकतात. मेंदूतील डोपामाइन ग्राहींच्या जनुकांतील भेदांचाही संबंध आढळला आहे. परंतु हे संबंध क्षीण आहेत; त्यावरून कोणा एका रुग्णाचे भाकीत करता येत नाही.

याउलट वयाचा प्रभाव ठळक आहे. जुन्या पिढीची औषधे घेणाऱ्या तरुणांपैकी दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांना हा विकार जडतो. वृद्धांत पहिल्याच वर्षी हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जाते. मधुमेह आणि मेंदूची इजा यांनीही धोका वाढतो.

वय व वारसा बदलता येत नाहीत. औषधाची निवड, मात्रा व कालावधी मात्र माणसांच्याच हाती आहेत. म्हणून ‘रुग्णाची प्रकृतीच तशी’ हे उत्तर अपुरे आहे. ज्याची प्रकृती नाजूक, त्याच्याबाबत दक्षता दुप्पट हवी. जीभ, चेहरा व बोटे यांची पद्धतशीर पाहणी करण्यास यंत्र लागत नाही, काही मिनिटे पुरतात. डॉक्टरला तेवढी मिनिटे मिळतील इतके मनुष्यबळ सार्वजनिक रुग्णालयांत असले पाहिजे.

धोका केवळ मनोरुग्णांपुरता नाही. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि आम्लपित्ताच्या काही संयुक्त गोळ्यांतील लेव्होसल्पिराइड हीदेखील डोपामाइन रोखणारीच औषधे आहेत. साधी पित्ताची गोळी समजून ती महिनोन्‌महिने घेणाऱ्या वृद्धेला या धोक्याची कल्पना कोण देतो?

घाबरून औषध एकाएकी सोडणे हा उपाय नव्हे. त्याने मूळ आजार उलटतो आणि हालचालीही वाढू शकतात. वेळीच तपासणी, कमीत कमी परिणामकारक मात्रा आणि धोक्याची रुग्णाच्या भाषेत दिलेली माहिती ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे.