मंद हंगामातील आफ्रिका

गेल्या वर्षी तासाला सरांनी सहज विचारले, "शिक्षण संपल्यावर एकदा तरी कोठे जावेसे वाटते?" कोणी काश्मीर म्हणाले, कोणी सिंगापूर. माझी पाळी आली तेव्हा मी "आफ्रिका" म्हणाले आणि सारा वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "कशाला? बिबट्या बघायला? मग संध्याकाळी उसाच्या बांधावर उभी राहा की!" सरही हसले आणि खरे सांगायचे तर मीही हसले. परंतु घरी जाताना एस.टी.त बसल्यावर मनात आले, काश्मीरला कोणी हसले नाही, सिंगापूरलाही नाही. मग आफ्रिकेलाच का? घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या, टोमॅटो-कांदा पिकवणाऱ्याच्या मुलीने आफ्रिकेचे नाव घ्यावे, हेच बहुधा विनोदी वाटले असावे.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. आफ्रिकेची सहल आपल्यासारख्यांना परवडेल काय, कोणत्या महिन्यात परवडेल, आणि परवडली तर ती कोणत्या रीतीने करावी, याचा हिशेब त्या वहीत आहे. तो आपणासमोर ठेवते.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. आफ्रिका आपल्या तालुक्याला परकी नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत जाई आणि तेथून पुढे मिसर देशाच्या किनाऱ्याला लागे. मिसर हा आफ्रिकेतलाच देश. ती गलबते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत जात. म्हणजे हंगाम पाहून प्रवास आखण्याची रीत दोन हजार वर्षांची जुनी आहे. पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला, तो मलिक अंबर. त्याच्या काळात निजामशाहीचा मुक्काम काही दिवस आपल्या जुन्नरला होता. शेजारच्या हापूसबागेचे नाव हबशीबागेवरून पडले असेही जाणकार सांगतात. आफ्रिका जर जुन्नरला येऊ शकते, तर जुन्नरने आफ्रिकेला जायला काय हरकत आहे?

आता मुद्द्याकडे वळू. आफ्रिका हा काही एक देश नव्हे. पन्नासाहून अधिक देशांचे ते खंड आहे. मी त्यातला केनिया निवडला, कारण मुंबईहून नैरोबी विमानाने सुमारे सहा तासांवर आहे. येथून एस.टी.ने नागपूरला जायला याहून अधिक वेळ लागतो! केनिया विषुववृत्तावर असल्यामुळे तेथे आपल्यासारखे उन्हाळा-हिवाळा नाहीत. वर्षाचे भाग पडतात ते पावसावर. मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि साधारण नोव्हेंबरच्या सुमारास धाकटा पाऊस. मसाई मारा या जगप्रसिद्ध अरण्यात जुलै ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत टांझानियातून विल्डेबीस्ट नावाच्या प्राण्यांचे प्रचंड कळप येतात. साऱ्या जगातील धनिक लोक ते पाहण्यास लोटतात. तोच तेथला तेजीचा हंगाम. एप्रिल-मे मंदीचा.

ही तेजी-मंदी किती असते याचे एकच उदाहरण देते. २०२४ सालापासून मसाई मारात परदेशी प्रौढ माणसाला दिवसाचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. नुसत्या पंचांगाने निम्मा फरक! मुक्कामाचे दरही मोठ्या पावसात उतरतात.

अर्थात स्वस्ताई फुकट मिळत नाही. एप्रिलमध्ये ते प्रचंड कळप तेथे नसतात, ते दक्षिणेस सेरेंगेटीत असतात. गवत उंच वाढलेले असते, त्यामुळे जनावर लवकर नजरेस पडत नाही. तेथली माती आपल्या काळ्या रानासारखी चिकण. पाऊस पडला की गाडीची चाके रुततात. काही मुक्कामाची ठिकाणे तर त्या दिवसांत बंदच असतात. परंतु सिंह, हत्ती, जिराफ बारमाही तेथेच राहतात, आणि रान हिरवेगार असते. पावसात बैलगाडी काढण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी चिखलाला भ्यावे काय? शहरी पर्यटकाला जो हंगाम गैरसोयीचा, तो आपल्याला रोजचाच.

आणखी एक योग पाहा. आपली परीक्षा आटोपते तोही एप्रिल-मे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. तिकडे मंदी असली तरी इकडे ती सुट्टीची धामधूम असते, त्यामुळे मेमध्ये मुंबईहून निघणाऱ्या विमानांचे भाडे चढू शकते. म्हणून तिकीट काही महिने आधी काढणे आणि शक्य तर सुट्टीची गर्दी सुरू होण्यापूर्वी निघणे, हेच शहाणपणाचे. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा पाऊस असतो खरा, पण तेव्हा प्रवेशशुल्क दुप्पटच राहते.

खर्चाची बाकीची कलमे अशी. पासपोर्टला १,५०० रुपये लागतात आणि तो दहा वर्षे चालतो. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी संगणकावरून आगाऊ परवानगी घेण्याची पद्धत सुरू केली आहे. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच टोचून घ्यावी लागते. तिचा दाखला जवळ नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकून पडावे लागते. ही लस एकदा टोचली की जन्मभर चालते. हिवतापाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारणे आवश्यक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अरण्यात फिरण्याच्या गाडीचे भाडे गाडीवर असते, माणसावर नसते. दोघांनी गाडी केली तर भार दोघांवर, सहा-सात जणांनी केली तर सहा-सात जणांवर. आपल्या दिंड्या पंढरीला कशा जातात? एक ट्रक, एक तंबू, एक चूल आणि प्रत्येकाची वर्गणी. जी माणसे दिंडी चालवू शकतात, त्यांना आफ्रिकेची सहल आखणे अवघड जाऊ नये.

माझ्या अंदाजाप्रमाणे पाच-सहा दिवसांचा साधा प्रवास माणशी सुमारे दीड लाखात बसावा. ही रक्कम आज माझ्याजवळ नाही आणि वडिलांकडे मी ती मागणार नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना मुलीने विमानात बसणे याला हौस म्हणत नाहीत. परंतु नोकरी लागल्यावर सात मैत्रिणींनी दरमहा २,५०० रुपयांची भिशी लावली, तर पाच वर्षांत प्रत्येकीचे दीड लाख जमतात. लग्नातल्या एका जेवणावळीला याहून अधिक पैसा जातो आणि त्याला कोणी हसत नाही.

आता जे सांगायचे आहे ते थोडे निराळे आहे. स्वस्त, स्वस्त असे आपण म्हणतो. पण ही स्वस्ताई येते कोठून? माझ्या मामाची माळशेज घाटात टपरी आहे. आषाढ-श्रावणात भजी तळताना त्याला मान वर करायला सवड नसते. चैत्रात दिवसाला दहा कप चहा खपला तरी पुष्कळ. त्या दिवसांत एकदा मोटारीतून आलेल्या गृहस्थांनी घासाघीस करून निम्म्या पैशांत चहा घेतला. वर म्हणाले, "नाहीतरी तुमचे गिऱ्हाईक कोठे आहे?" मामाने दिला. काय करणार? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो तेव्हा माझे वडीलही असेच देतात; कधी गाडीभाडेही सुटत नाही म्हणून माल बांधावर ओततात. मंदीचा भाव म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की मंद हंगामात जावे, परंतु मंदीचा फायदा उपटण्यासाठी जाऊ नये. जो दर मुळातच उतरलेला आहे तो आनंदाने घ्यावा. त्याच्यावर आणखी घासाघीस करू नये. त्या दिवसांत तेथल्या गाडीवानाच्या, वाटाड्याच्या, स्वयंपाक्याच्या घरची चूल आपल्यासारख्या चार गिऱ्हाइकांवरच पेटत असते. शेतकऱ्याच्या लेकरांनी हे विसरले तर मग कोणी लक्षात ठेवायचे?

आणि त्या मागच्या बाकावरच्या मित्राला उत्तर द्यायचे राहिलेच. होय, मी बिबट्यासाठीच जाणार आहे. माझा धाकटा भाऊ शाळेतून येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो. माणिकडोहचे बिबट निवारण केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या सिंह-बिबट्यांच्या शेजारी गुरे राखतात. रात्री काटेरी कुंपणात गुरे कोंडतात. माराच्या भोवतालच्या कित्येक मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी वन्यप्राण्यांसाठी राखून दिल्या आहेत आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले भाडे मिळते. २०१८ साली जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. मग ज्याच्या उसात बिबट्या राहतो, त्याच्या पदरात काय पडते? हा प्रश्न तेथल्या माणसाच्या शेजारी बसून विचारावा अशी माझी इच्छा आहे. आणि निवांत बसून बोलायला त्या माणसाला सवड असेल ती मंद हंगामातच!

काही प्राध्यापक म्हणतील, "आधी आपला तालुका तरी पाहा." हे अगदी मान्य. नाणेघाट, लेण्याद्री, हापूसबागेतला घुमट हे सारे आधी पाहू. त्यास भिशीचीही गरज नाही. पण जवळचे पाहिले नाही म्हणून दूरचे पाहूच नये, हा न्याय सिंगापूरला जाणाऱ्यास कोणी लावत नाही.

परवा वडिलांनी माझी वही चाळली. मला वाटले, रागावतील. त्यांनी सगळी पाने शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "अडीनडीचा खर्च धरला नाहीस. दहावा हिस्सा बाजूला ठेव." एवढे बोलून ते पाण्याची पाळी धरायला रानात गेले. मी ते कलम वहीत घातले आहे. भिशीला सात जणी हव्यात. सध्या आम्ही तिघी आहोत.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला