अत्तरकाराची ओळख

लग्नात आलेल्या पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावावे, त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडावे, हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींच्या हातावरून अत्तराचा फाया फिरवावा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी ही केवळ चांदीची भांडी नव्हेत. ती आदर व्यक्त करण्याची साधने आहेत. सुगंध डोळ्यांना दिसत नाही, मुठीत धरता येत नाही आणि काही तासांतच विरून जातो. तरीही माणूस त्यासाठी आनंदाने पैसे मोजतो. अशा या क्षणभंगुर वस्तूवर संसार उभा करणे शक्य आहे काय? घरातील एका खोलीत, थोड्या शिश्या आणि एक अचूक तराजू घेऊन हा उद्योग सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र या उद्योगाचे खरे भांडवल पैसा नसून स्वतःचे नाक आणि ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा खरेपणा हे आहे.

याची साक्ष उत्तर प्रदेशातील कनौज हे गाव देते. तेथे अत्तर काढण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. तांब्याच्या मोठ्या भांड्याला ‘देग’ म्हणतात. तिच्यात फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात आणि खाली लाकडांचा किंवा शेण्यांचा जाळ करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून ‘भपका’ नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात उतरते. हा भपका थंड पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. वाफ निवते, फुलांचा गंध चंदन शोषून घेते आणि पाणी खाली राहते. ते पाणी काढून टाकून दुसऱ्या दिवशी ताज्या फुलांवर हीच क्रिया पुन्हा केली जाते. चंदन गंधाने तृप्त होईपर्यंत असे दिवसामागून दिवस चालते. जाळ किती असावा हे कारागीर भांड्याला हात लावून आणि आतील आवाज ऐकून ठरवतो. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात उतरते.

याच गावात भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून ‘मिट्टी अत्तर’ काढतात. पहिल्या पावसाने तापलेली जमीन भिजल्यावर जो गंध दरवळतो, तोच या शिशीत बंद होतो. या गंधाचा अभ्यास करून ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कनौजच्या कारागिरांनी मात्र हा गंध त्याआधीच बाजारात विकायला ठेवला होता. सर्वांच्या पायाखाली असलेल्या मातीतून कोणाला न सुचलेली वस्तू निर्माण करणे, यालाच सर्जनशील उद्योग म्हणतात.

परंतु ही परंपरा संकटातून सुटलेली नाही. चंदनाची झाडे कमी झाली आणि तेल अतिशय महाग झाले. दक्षिणेत अनेक वर्षे शेतकऱ्याच्या शेतातील चंदनावरही सरकारचा हक्क असे. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून तो हक्क जमीनमालकाला दिला. पण चंदन काही एका पावसाळ्यात वाढत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी चंदनतेलाच्या जागी पॅराफिनसारखे स्वस्त द्रव वापरात आले. गरज म्हणून केलेला हा बदल समजण्यासारखा आहे. मात्र तोच माल ‘शुद्ध चंदनातील अत्तर’ म्हणून विकला जातो, तेव्हा व्यवसायाची पायरी सुटते आणि फसवणुकीची सुरू होते.

कारखान्यात तयार झालेले गंधद्रव्य वापरणे हा दोष आहे काय? मुळीच नाही. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कुमारीन हे गंधद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. पॅरिसमधील एका अत्तरकाराने १८८२ मध्ये ते वापरून नवे अत्तर घडवले आणि आधुनिक अत्तरकलेचे दार उघडले. एक किलो गुलाबतेलासाठी काही हजार किलो फुले लागतात; सामान्य माणसाला ते कसे परवडणार? शिवाय नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूतही खरी नाही. दालचिनीच्या तेलाने कातडीची आग होऊ शकते. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. म्हणून दोष द्रव्यात नाही, तो असत्यात आहे. शिशीत जे आहे तेच शिशीवर लिहिणे, हा अत्तरकाराचा पहिला धर्म होय.

दुसरा मोह नकलेचा. परदेशी नावाजलेल्या अत्तरासारखा वास स्वस्तात देणारी शिशी लवकर खपते. ‘आधी पोट भरू द्या, कला नंतर पाहू,’ असे म्हणणाऱ्याला दोष देणे सोपे नाही. घरात चूल पेटली पाहिजे हे खरेच आहे. पण नकलेला स्वतःचा ग्राहक नसतो. शेजारच्या दुकानात तीच नक्कल दहा रुपयांनी स्वस्त मिळाली की ग्राहक तिकडे वळतो. उलट वाळा, दवणा, मरवा, सोनचाफा यांतून किंवा आपल्या गावच्या मातीच्या आठवणीतून घडवलेला गंध दुसरीकडे मिळत नाही. त्याला खप हळूहळू येतो, पण आलेला ग्राहक टिकतो.

कलेइतकेच हिशोबालाही महत्त्व आहे. समजा, एका शिशीतील गंधद्रव्यांना ८० रुपये, शिशी व खोक्याला ४५ रुपये आणि वेष्टन व वाहतुकीला १५ रुपये लागले. एकूण खर्च १४० रुपये झाला. शिशी २०० रुपयांना विकली, म्हणजे ६० रुपये नफा, असे नवख्याला वाटते. परंतु दुकानदाराने शेकडा ३० रुपये ठेवून घेतले, तर हाती येतात १४० रुपये. नफा शून्य! वाया गेलेली मिश्रणे आणि स्वतःची मेहनत यांचा हिशोब तर अजून मांडलेलाच नाही. अनेक गुणी कारागिरांचे उद्योग कलेअभावी बुडत नाहीत. ते अशा न मांडलेल्या हिशोबामुळे बुडतात.

नियमांकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करण्यास परवाना लागतो. त्याविषयीचे नवे नियम २०२० मध्ये लागू झाले. अल्कोहोल साठवायचे असल्यास राज्याच्या उत्पादनशुल्क विभागाचे नियम पाळावे लागतात. शिकण्याची सोयही आहे. कनौज येथे १९९१ मध्ये स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र या विषयाचे प्रशिक्षण देते. भांडवल अपुरे असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून बँकेचे कर्ज मागता येते. कर्ज मात्र हिशोबाची वही तयार झाल्यावरच घ्यावे. आधी कर्ज आणि मग विचार, हा क्रम घातक ठरतो.

मोठ्या कंपन्यांजवळ जाहिरातीसाठी अफाट पैसा असतो. त्या बाबतीत लहान अत्तरकार त्यांची बरोबरी करू शकत नाही, आणि करूही नये. त्याच्याजवळ दुसरे बळ असते. तो ग्राहकाला नावाने ओळखतो, त्याच्या मनगटावर अत्तराचा थेंब लावून थोडा वेळ थांबतो आणि शिशीत काय आहे ते स्पष्ट सांगू शकतो. सुगंध काही तासांत उडून जातो. विश्वास मात्र मागे राहतो. दुसऱ्या खेपेला ग्राहक येतो तो त्या विश्वासामुळेच.