संमतिपत्रावरील सही

करोनाची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली आहेत. बाजार भरतात, लग्ने लागतात, गोदाकाठी गर्दी होते, आणि त्या दोन वर्षांचे नाव काढले असता लोक विषय बदलतात. हे स्वाभाविक आहे. दुःखाची आठवण कोणास नकोशीच असते. तथापि त्या काळी नाशकातील घराघरांत जो एक प्रश्न येऊन बसला होता, त्याचे उत्तर अद्यापि कोणी दिलेले नाही, असे आम्हांस वाटते. साथ चालू असता मुलास शाळेत पाठवावे की न पाठवावे, हे कोणी ठरवावयाचे, आणि कशाच्या आधारे? हा प्रश्न आज शांतपणे हाती घेतला नाही, तर पुढली साथ आली म्हणजे तो पुन्हा त्याच घाईने, त्याच भीतीने आणि त्याच अंधारात सोडवावा लागेल. म्हणून वाचकांस तो थोडा अप्रिय वाटला तरी आज त्याची चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

घडले ते थोडक्यात असे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढे राज्य सरकारने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास मोकळीक दिली आणि अखेरचा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविला. नाशिक जिल्ह्यात त्या वेळी तो पुढे ढकलण्यात येऊन ४ जानेवारी २०२१ रोजी हे वर्ग उघडले. पाचवी ते आठवीस त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून परवानगी मिळाली. मात्र दोन्ही वेळी एक अट होती. हजेरी सक्तीची नाही, आणि पालकाने लेखी संमती दिल्याखेरीज मुलास वर्गात घ्यावयाचे नाही. अशा रीतीने जो निर्णय सरकारास कठीण, अधिकाऱ्यांस कठीण आणि वैद्यांसही कठीण, तो एका कागदावर छापून सातपूरच्या कामगारापुढे, रविवार कारंजावरील दुकानदारापुढे आणि पेठ-सुरगाण्याच्या शेतमजुरापुढे ठेवण्यात आला. खाली सही करा, म्हणजे झाले!

ज्या पालकांनी सही केली नाही, त्यांस भित्रे म्हणणारे लोक त्या वेळीही होते आणि आजही आहेत. आम्ही त्यांच्यापैकी नाही. या जिल्ह्याने जे पाहिले ते पाहिल्यावर भीती वाटू नये, असे म्हणणारा मनुष्य धीट नव्हे, विसराळू होय. २०२० च्या एप्रिलात मालेगावाची जी अवस्था झाली, ती साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल २०२१ रोजी, खुद्द नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून निदान २२ रुग्ण श्वासावाचून दगावले. आपल्याकडे बहुतेक घरांत आजोबा-आजी एकाच छपराखाली राहतात. मूल बाहेरून आजार घेऊन येईल, त्याला स्वतःला काही होणार नाही, पण माजघरातला म्हातारा जाईल, ही चिंता खोटी नव्हती. ज्या आईने या चिंतेने मुलास घरी ठेवले तिला दोष देण्याचा अधिकार कोणास नाही.

आमचा आक्षेप पालकांच्या निर्णयावर नाही. तो निर्णय ज्या रीतीने त्यांच्यावर लादला गेला त्या रीतीवर आहे. संमती म्हणजे काय, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही शिकवावे असे नाही. भागीदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तुम्ही खतावणी पाहता, येणे-देणे पाहता, माल डोळ्यांखालून घालता. न पाहता सही करणारास पेढीवर काय म्हणतात तेही तुम्ही जाणता. मग पोटच्या पोराच्या बाबतीत ज्या कागदावर सही मागितली, त्याच्यासोबत कोणती खतावणी दाखविण्यात आली? आपल्या प्रभागात या आठवड्यात रोगी किती, शाळेच्या वर्गास खिडक्या किती, एका बाकावर मुले किती, कोणी आजारी पडल्यास पुढे काय करावयाचे, यांपैकी किती गोष्टी पालकांस समजेल अशा मराठीत लिहून दिल्या? जेथे माहिती नाही तेथे संमती नाही. तेथे केवळ जबाबदारी झटकण्याचा एक सोयीचा मार्ग आहे.

बरे, माहिती अगदीच नव्हती असेही नाही. हा आजार वृद्धांस जितका घातक ठरतो तितका मुलांस ठरत नाही, मुलांत तीव्र आजार क्वचित होतो, ही गोष्ट साथीच्या पहिल्याच वर्षी पुष्कळशी स्पष्ट झाली होती. डेन्मार्क देशाने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे शाळा बंद केल्यावर सुमारे एका महिन्यातच, आधी धाकट्या मुलांचे वर्ग उघडले. आपल्या देशात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२१ च्या जून-जुलैत रक्ततपासणीची जी चौथी पाहणी केली, तीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात या रोगाच्या प्रतिकाराची खूण आढळली. याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. शाळांना कुलुपे होती, तरीही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत रोग पोचून गेला होता. याच सुमारास त्या परिषदेच्या प्रमुखांनी शाळा उघडावयाच्या तर प्राथमिक वर्ग आधी उघडणे शहाणपणाचे होईल, असे जाहीरपणे सांगितले. आमच्या राज्यात मात्र क्रम नेहमी उलटा राहिला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवी ते बारावी उघडली. पहिलीच्या मुलास डिसेंबराची वाट पाहावी लागली. ज्यास रोगाचे भय सर्वांत थोडे आणि शाळेवाचून ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, तो सर्वांच्या शेवटी!

दुसऱ्या एका क्रमाकडेही आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, आणि हे लिहिताना आमचे व्यापारी मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे. राज्यात उपाहारगृहे व मद्यगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडली. देवळे १६ नोव्हेंबरास, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. शाळांची पाळी त्यानंतर आली. पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये नवी लाट येताच उपाहारगृहांस निम्म्या गिऱ्हाइकांनिशी चालू राहण्याची मुभा राहिली आणि शाळांवर मात्र कुलूप आले. ते राज्यात २४ जानेवारीपासून निघू लागले, तेही पुष्कळ ओरड झाल्यावर. बाजार उघडला याचे आम्हांस वाईट वाटत नाही. ज्याच्या हातावर पोट आहे त्यास दुकान बंद ठेवून कसे चालेल? आमचे म्हणणे इतकेच की दुकानाचे दार उघडावे म्हणून शिष्टमंडळे गेली, निवेदने गेली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या. शाळेचे दार उघडावे म्हणून आमच्यापैकी किती जणांनी निवेदन दिले? ज्याची मागणी मोठ्याने होते ते आधी उघडते. मुलांना संघटना नसते.

यावर कोणी म्हणेल की, शाळा बंद होत्या, शिक्षण बंद नव्हते. दूरध्वनीवर वर्ग चालू होते, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत असे. त्या प्रयत्नांस आम्ही नावे ठेवीत नाही. अडचणीच्या वेळी ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु २०२१ च्या ऑगस्टात १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची जी पाहणी झाली, तीत नियमितपणे अशा रीतीने शिकणारी मुले खेड्यांत ८ टक्के आणि शहरांत २४ टक्के निघाली. त्याच पाहणीत खेड्यांतील सुमारे ९७ टक्के पालकांनी शाळा लवकर उघडाव्यात असे सांगितले. आमच्याच नगरीत १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि दूर राहून शिकण्याची योग्यता आम्ही नाशिककर इतरांहून अधिक जाणतो. पण तो विद्यार्थी प्रौढ असतो. तो काय शिकावयाचे हे ठरवून येतो. सहा वर्षांच्या मुलास मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी समजणे म्हणजे पोहण्यास न शिकविताच गोदावरीच्या पुरात सोडणे होय.

येथेच संमतिपत्रातील दुसरा दोष दिसून येतो. सर्व पालकांपुढे कागद एकच होता, पण निवड एक नव्हती. ज्याच्या घरी वेगळी खोली, स्वतंत्र यंत्र आणि शिकलेली आई, त्याने ‘नाही’ म्हटले तर त्याचे मूल चार धडे मागे पडे. ज्याच्या घरी एकच दूरध्वनी, आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार, त्याने ‘नाही’ म्हटले तर मूल अक्षरच विसरे. आणि मुलगी असेल तर शाळेबरोबर तिचे बाळपणही संपण्याची धास्ती. सही सारखी, किंमत मात्र ज्याच्या त्याच्या गरिबीप्रमाणे.

‘आधी जीव, मग शिक्षण, राहिलेला अभ्यास पुढे भरून निघतो,’ हा आक्षेप सर्वांत प्रबळ आहे, आणि त्यास उत्तर देणे आम्ही टाळणार नाही. जीव आधी, हे आम्हांस मान्य आहे. २०२१ च्या एप्रिलात शाळा उघडा असे कोणी म्हटले असते तर आम्ही त्यास विरोधच केला असता. परंतु त्या एका महिन्यावरून दोन वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. ‘भरून निघते’ हेही तपासून पाहू. ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीप्रमाणे दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्के राहिली. ही तीच मुले, ज्यांनी २०२० साली पहिलीत नाव घातले आणि वर्ग पाहिलाच नाही. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण पुन्हा जवळजवळ पूर्वपदास आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती मुले निराळी, ज्यांस शाळा लाभली ती. म्हणजे शाळा काय करू शकते हे या आकड्यांनी सिद्ध झाले. मागे राहिलेल्यांचे नुकसान आपोआप भरते हे मात्र सिद्ध झाले नाही.

दुसरा आक्षेप असा की, अज्ञानी पालकांस विचारावयाचेच कशाला. सरकारने हुकूम करावा आणि लोकांनी तो पाळावा. हे मत आम्हांस मुळीच पसंत नाही. मूल आई-बापांचे आहे, आणि घरात दमेकरी आजोबा आहेत की नाहीत हे मंत्रालयास दिसत नाही. विचारावे, अवश्य विचारावे; पण विचारण्यापूर्वी सांगावे, आणि उत्तर कोणतेही आले तरी मुलास वाऱ्यावर सोडू नये.

यास्तव पुढील काही गोष्टी आताच, साथ नसताना, ठरवून ठेवाव्यात अशी आमची सूचना आहे. पहिली, शाळा सर्वांच्या शेवटी बंद व्हावी आणि सर्वांच्या आधी उघडावी. ज्या दिवशी उपाहारगृह उघडे आहे त्या दिवशी प्राथमिक शाळा बंद ठेवण्याचे कारण अधिकाऱ्यांनी लिहून द्यावे. दुसरी, बंदीच्या प्रत्येक हुकुमास मुदत असावी आणि दर पंधरवड्यास त्याचा फेरविचार जाहीरपणे व्हावा. तिसरी, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ज्या शाळा व्यवस्थापन समित्या आहेत, त्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. साथीच्या काळात प्रभागातील रोग्यांचे आकडे, वर्गांची हवा-उजेडाची व्यवस्था आणि आजाऱ्याची सोय यांचा तक्ता या समित्यांनी दर आठवड्यास शाळेच्या फलकावर मराठीत लावावा, आणि मगच संमती मागावी. हे आकडे समजावून देण्यास माणसे कोठून आणावयाची, असे विचारण्याचे कारण नाही. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच नाशकात आहे. चौथी, जो पालक नको म्हणेल त्याच्या मुलाकडे आठवड्यातून ठरावीक दिवशी शिक्षकाने अंगणात, झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर का होईना, जाऊन शिकवावे. असे करणारे शिक्षक गेल्या साथीतही निघाले. पण ते त्यांच्या चांगुलपणाने निघाले, कोणाच्या योजनेने नव्हे.

हे सर्व खर्चाचे व खटाटोपाचे आहे, असे म्हटले जाईल. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आणि त्याची तयारी आम्ही कित्येक वर्षे आधी आरंभतो. रस्ते, घाट, पाणी, दवाखाने, सर्वांचे नकाशे होतात. साथ पंचांग पाहून येत नाही, एवढाच फरक. तयारीची गरज त्यामुळे कमी होत नाही, वाढते. ज्या १९१८ साली इन्फ्लुएंझाने या इलाख्यात घरेच्या घरे ओस पाडली, त्याच साली गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि नाशकातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकून निघाल्या. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविताना स्वतः त्या रोगास बळी पडल्या. मूल आणि साथ यांच्यामध्ये शिक्षकाने व समाजाने उभे राहावे, हा धडा आम्हांस परदेशातून आणावयाचा नाही.

वाचकांपाशी आमचे मागणे लहानसे आहे. आपल्या मुलाच्या किंवा नातवाच्या शाळेत पालकांची पुढली सभा भरेल तेव्हा तीत हा एकच प्रश्न विचारावा: पुन्हा साथ आली तर आपली शाळा काय करणार, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? उत्तर न मिळाल्यास ते लिहून घेतल्यावाचून सभेतून उठू नये. पुढल्या वेळी संमतिपत्र हाती येईल तेव्हा त्यावरील सही भीतीची नसावी, विचाराची असावी, आणि तिच्या शेजारी शाळेची व सरकारचीही सही असावी, एवढे साधले तरी त्या दोन वर्षांतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.