झोपेशी शर्यत

सायकलची शर्यत म्हटली की वाचकांना टूर दि फ्रान्स आठवते. ती मोठी खरीच. पण तिथे रोजचा टप्पा संपला की स्वार जेवतो, मालिश करून घेतो आणि रात्रभर झोपतो. आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत त्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ शर्यतीत घड्याळ एकदा सुरू झाले की थांबतच नाही. झोपा, जेवा, आजारी पडा, वेळ तुमच्याच खात्यावर पडतो.

१९८२ साली चौघेजण कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठाहून निघून न्यूयॉर्कला पोचले, तेथून ही शर्यत सुरू झाली. लॉन हॉल्डमन दहा दिवसांच्या आत पोचून पहिला आला. पुढे मार्ग बदलत गेला, तरी अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर आणि एकट्या स्वाराला मुदत साधारण बारा दिवसांची. म्हणजे रोज ४०० किलोमीटर. मुंबईहून नाशिकला जाऊन परत आलात तरी त्या दिवसाचे काम संपत नाही, आणि असे बारा दिवस! वाटेत वाळवंटाचा भाजणारा उन्हाळा, कोलोरॅडोत दहा हजार फुटांवरच्या खिंडी, कॅन्ससच्या सपाट मुलुखात समोरून येणारा वारा. अंगात त्राण उरत नाही तेव्हा अपालाचियन डोंगरांचे चढ लागतात.

लोकांना वाटते, येथे पाय थकतात. पाय थकतातच, पण आधी झोप शत्रू होते. स्लोव्हेनियाचा सैनिक युरे रोबिच ही शर्यत पाच वेळा जिंकला. दिवसाकाठी जेमतेम तास-दीड तास झोपणाऱ्या या माणसाला घोडेस्वार पाठलाग करताना दिसत. रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी भांडायला तो सायकलवरून उतरत असे. अशा वेळी स्वाराची बुद्धी त्याच्या डोक्यात नसते, मागून येणाऱ्या गाडीत असते. कधी खायचे, कधी झोपायचे, हे सोबतची माणसे ठरवतात. स्वार रडतो, शिव्या देतो. त्यांनी ऐकायचे नसते. मानेचेही तेच. १९८३ साली मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू असे निकामी झाले की डोके वर राहीना. त्या दुखण्याला आज त्याचेच नाव आहे. वेणी पाठीशी बांधून डोके वर धरण्याचा उपायही येथे झालेला आहे.

आमच्या मते या शर्यतीचा खरा प्रश्न येथेच आहे. माणूस स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना ‘आता पुरे’ असे कोणी म्हणायचे? बारा दिवसांसाठी आठ-दहा माणसे आपली रजा, आपली झोप देऊन मागे असतात. त्यांत कधी पत्नी असते, कधी भाऊ. आपल्या माणसाने शेवट गाठावा ही त्यांची इच्छा, आणि त्याला थांबवण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती. २००३ आणि २००५ साली शर्यत चालू असताना एकेक स्वार वाहनाच्या धडकेत मरण पावला. म्हणून जी सोबत वेळेवर सायकल काढून घेते तिला भित्री म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आपल्याकडची नावेही सांगायला हवीत. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या मुदतीत शर्यत पुरी केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ काही तासांच्या अंतराने एकट्याने पोचले. गोकुळनाथ यांना आदल्या वर्षी अर्ध्यावर सोडावे लागले होते. आणि भगिनींनी लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे कॅनडाची लिआ गोल्डस्टीन. २०२१ च्या भयंकर उन्हाळ्यात एकट्याने निघालेल्यांपैकी फक्त तिघे पोचले. त्यांत ती पहिली, पुरुषांच्याही पुढे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी!

हा खेळ पैशाचा आहे, हे मात्र झाकून ठेवू नये. विमानाची तिकिटे, दोन-तीन गाड्या, एवढ्या माणसांचा खर्च, आणि जिंकणाऱ्याला बक्षिसाची थैली नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सायकल चालवली ती दुधाच्या किटल्या लावून, टपालाची पिशवी अडकवून, गिरणीचा भोंगा गाठण्यासाठी. त्या पायांना मेडल कोणी दिले नाही. म्हणून त्यांच्या नातवंडांना लांब पल्ल्याची हौस वाटली तर आई-वडिलांनी ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून झिडकारू नये, आणि एकदम अमेरिकेचेही बोलू नये.

सुरुवातीला ब्रेवे हा प्रकार चांगला. ती शर्यत नसते, क्रमांक लावत नाहीत. दिलेल्या वेळेत अंतर कापायचे, इतकेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. मागे गाडी लागत नाही. पंक्चर आपले आपण काढायचे. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर त्याच्या पुढची पायरी. रात्री चालवताना पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगावर चकाकणारा पट्टा लागतोच. हेल्मेटसाठी आईने हट्ट धरावा, आणि मुलगा परतल्यावर त्याला त्या दिवशी मोटारसायकल चालवू देऊ नये.